बिनतरंगीची गरी

दरेकसा स्टेशनाच्या पुढे रेल्वे बोगद्यात शिरते. गुलाब शहारे त्या स्टेशनावर पॉइंट्समन होता, गाड्यांसाठी रूळ बदलणारा. नोकरीभर त्याने गाड्या बोगद्यात पाठवल्या आणि स्वतः बाहेर राहिला. निवृत्त होऊन चिचगडच्या अलीकडे आपल्या गावी येऊन राहिल्यावर मात्र ही सोय संपली. गोंदियाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत उजेड मारून पाहिला आणि काचबिंदू म्हणजे काय ते समजावून सांगितलं. कडेकडेचं आधी जातं, मधलं राहतं. "समजा, तुम्ही बोगद्यातून पाहता आहात," ते म्हणाले. ही उपमा त्यांनी सगळ्यांनाच दिली असणार. गुलाबला ती इतरांपेक्षा जास्त समजली. त्याने एवढंच विचारलं, की बोगद्याचं पुढचं तोंड उघडं राहतं, की पुढे तेही बंद होतं. डॉक्टरांनी थेंबांची बाटली लिहून दिली आणि थेंब चुकवू नका म्हणाले. हे उत्तर नव्हतं, पण रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाला उत्तर न मिळण्याची सवय असते.

त्याची मुलगी रचना नागपूरला एका दवाखान्यात नर्स. तिला उपमेची गरज पडली नाही. तिने कागद पाहिले आणि काय ते ओळखलं. बायको, अल्का, आधीच गेलेली. घरात गुलाब एकटा, आणि घरापेक्षा जास्त वेळ तो नदीवर. रचनाने फोनवर दोन रस्ते सांगितले.

"बाबा, एक तर नागपूरला माझ्याकडे चला. नाहीतर तिथेच राहा, पण नदीवर एकटं जायचं नाही. रोज सोबत कोणीतरी पाहिजे. नुसतं सांगायला नाही, खरोखर. मी धान कापणीच्या सुमारास येते, तेव्हा बघू."

त्या 'बघू'त सगळं होतं. नागपूरचा फ्लॅट गुलाबने पाहिला होता. फ्लॅट चांगला होता. त्याला गॅलरी होती आणि गॅलरीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसायची. तेवढंच पाणी.

नदी आणि शहारे यांचं नातं कसं जुळलं, हे गावात कोणी सांगत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. गावाला तलाव आहे, मोठा. तो कापगत्यांच्या पूर्वजांनी बांधला असं कापगते सांगतात आणि त्याला कोणी नाही म्हणत नाही. तलावाला तीन घाट. कोणत्या घाटावर कोणी उतरायचं हे दगडावर कुठेही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते कधी खोडताही आलं नाही. शहाऱ्यांच्या वाट्याला तिन्हींपैकी एकही घाट नव्हता. त्यांच्या वाट्याला नदी होती. गुलाबचा बाप तिथे गरी टाकायला शिकला, त्याने गुलाबला शिकवलं. लोकांना वाटायचं, शहाऱ्यांना नदीची हौस आहे.

गरी म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. ढिवर जाळ्याने मासे धरतात, तो त्यांचा धंदा. गरीवाला काठी, धागा आणि गळ घेऊन बसतो. त्याला कोणी धंदा म्हणत नाही, आळसही कधीकधीच म्हणतात. गुलाबची गरी ठरलेली होती. घरच्या बांबूची काठी, काठीएवढाच नायलॉनचा धागा, धाग्याला चिमूटभर शिसं, खाली गळ आणि गळाला गांडूळ. मध्ये कुठेतरी मोरपिसाच्या देठाची तरंगी. जंगलात गळून पडलेलं पीस उचलायचं, देठ कापायचा आणि टोक लाल करायचं. रचना लहान असताना ते काम तिचं होतं; ती अल्काचं नेलपॉलिश लावायची. गळ पाण्याच्या वरच्या अंगाला सोडायचा आणि वाहू द्यायचा. पाणी ज्या चालीने चालतं त्याच चालीने तो गेला पाहिजे. तरंगी बुडाली की काठी उचलायची.

आता अडचण अशी झाली होती, की उभ्या पाण्यावरची तरंगी गुलाबला अजून दिसली असती. वाहती तरंगी मात्र त्याच्या नजरेच्या बोगद्यातून पलीकडे निघून जायची. मान वळवून ती सापडेपर्यंत मासा गांडूळ खाऊन मोकळा. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. तरंग्यांचा डबा त्याने कपाटावर ठेवून दिला होता. तिथे हात पोहोचायला स्टूल लागतं.

सोबतीची गोष्ट त्याने गावात चार ठिकाणी काढून पाहिली. ज्यांना गरी येत होती त्यांना वेळ नव्हता. ज्यांना वेळ होता त्यांना ती येत नव्हती आणि यावी असंही वाटत नव्हतं. शेवटी सोबत चालत त्याच्या अंगणात आली. पुनाराम कापगतेची बायको मनकर्णाबाई पुढे होती आणि पुनाराम मागे, बैल बाजाराला नेताना चालतो तसा.

"गुलाबभाऊ, तुमाले सोबत पायजे मनते ना? यायले घेऊन जा."

"पुनाले? त्याले गरी येते?"

"नाई येत. पन घरी बसून जे येते ते मले पायजे नाई."

पुनाराम आणि गुलाब एका वर्गात होते. शेती पुनारामने मुलाच्या, अश्विनच्या, हाती दिली होती; म्हणजे दिली असं जाहीर केलं होतं. त्यानंतर तो रोज बांधावर उभा राहून ट्रॅक्टर कुठे वळवायचा ते सांगायचा. अश्विन उलट बोलत नसे. तो फक्त दररोज आदल्या दिवशीपेक्षा लवकर शेतावर निघून जाऊ लागला होता.

"मी काई मासोऱ्या पकडायले जन्मलो नाई," पुनाराम म्हणाला.

"मंग कायले जन्मले ते सांगा, तथी पाठवते."

पुनारामने गुलाबकडे पाहिलं. गुलाबने मान हलवली. त्या मानेत होकार किती आणि गरज किती, हे पुनारामला कळायचं कारण नव्हतं.

"मीबी येते," मनकर्णाबाई म्हणाली. "यायले एकट्याले पाठवलं तं नदीलेबी शिकवतीन हे."

असे शिकाऊ झाले दोन.

सामान घ्यायला गुलाब आणि पुनाराम बसने गोंदियाला गेले. बाजारात कैलाशचं दुकान आहे. जाळी, दोर, गळ, आणि अलीकडे काचेच्या कपाटात चकाकणाऱ्या वस्तू. कैलाश जन्मापासून गोंदियाचा, त्यामुळे हिंदी बोलतो आणि ती मराठी आहे असं समजतो.

"सिखाने के लिए चाहिए? तो ये ले जाओ काका. फोल्डिंग रॉड, साथ में रील. बटन दबाओ, धागा अपने आप जाता है."

पुनारामने रीळ हातात घेऊन फिरवली. ती करकर वाजली. त्याचा चेहरा पहिल्यांदाच खुलला.

"हे बेस हाय बे. पंपासारखं हाय."

"ठेव ते."

"काऊन?"

"शिकनाऱ्याच्या हाती जास्त सामान दिलं तं तो सामानच पाहत राहते. पानी पाहत नाई. काठी आपल्या घरची, मी कापून ठेवली."

गुलाबने कैलाशकडून गळांची पुडी मागितली. बोटाच्या पेरावर एकेक गळ ठेवून, नखाने टोक तपासून त्याने लहान घेतले. धागा दोन बोटांत धरून ओढून पाहिला आणि दाखवलेल्यातला सगळ्यांत बारीक ठेवून घेतला.

"इतना पतला?" कैलाश म्हणाला. "बड़ी मछली आयी तो तोड़ देगी."

"तोडू दे. पहिल्या वर्षी मोठी पायजेच नाई. जाड्या धाग्याले पानी ओढते, मंग गळ पान्याच्या मागंपुढं होते."

शिशाचे दाणेही त्याने ज्वारीएवढेच घेतले. पुनारामला ते दाणे पाहून वाईट वाटलं. एवढ्या शिशाने काय थांबणार, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं.

"और तरंडा?" कैलाशने विचारलं. "प्लास्टिक का आया है. लाल-पीला. दूर से दिखता है."

"तरंगी नको."

पुनारामने मान वळवली. "नको कशी? लहानपनी तं तू मोरपिसाची लावे. मी पाहिलं हाय. तलावाच्या पारीवरून पाहत राहो आमी."

"तरंगी असली की मानूस तिच्याकडंच पाहत बसते. बोटाले काई कळत नाई."

हे खोटं नव्हतं. फक्त हे कारण नव्हतं.

काठ्या गुलाबने आधीच विस्तवावर शेकून सरळ करून ठेवल्या होत्या. मनकर्णाबाईची हलकी, पुनारामची जरा जाड, कारण तो ती आपटणार हे उघड होतं. स्वतःची जुनीच, फक्त तिच्या धाग्यावर मध्ये जिथे तरंगी असायची तिथे आता काही नव्हतं.

नदी उतरली होती. पावसाळ्यातलं गढूळपण जाऊन तळाचे गोटे दिसू लागले होते, ज्यांना दिसतात त्यांना. डोहाच्या तोंडाशी पाणी उथळ होऊन गोट्यांवरून पळतं आणि मग डोहात शिरून गप्प होतं. त्या तोंडाशी काठावर एक सपाट दगड आहे. शहाऱ्यांच्या घरची माणसं त्याच दगडावर बसत आली. तिथवर जायची वाट गुलाबच्या पायांना पाठ होती, म्हणून डोळ्यांची चौकशी कोणी केली नाही.

"काठी वर धरायची," गुलाबने सांगितलं. "धागा पहिल्या बोटावरून जाऊ द्यायचा. शिसं इतकंच हाय, की गळ तळाले टेकत टेकत जाईन. गोट्यायचा तळ असला की बोटाले टक, टक लागते. वाळू असली की काई लागत नाई. टकटक बंद पडली की उचलायचं."

"बंद पडली मंजे मासोरी?" मनकर्णाबाईने विचारलं.

"मासोरी नाईतं दगड."

"कोनतं ते कसं समजन?"

"दगड मागं ओढत नाई."

मनकर्णाबाईला पुढे काही विचारावं लागलं नाही. जन्मभर रोवणीच्या चिखलात बोटं घालून, न पाहता, तिने धानाची रोपं लावली होती. तळ काय म्हणतो हे बोटाला कळणं तिला नवीन नव्हतं. दुसऱ्याच खेपेला तिच्या काठीला शिंगूर मासा लागला. लहान होता, पण मिशा पूर्ण होत्या. तो कसा धरायचा, काटा कुठे असतो, हे गुलाबने तिला बोटांनी दाखवलं. पुनाराम दूर पाहत राहिला.

त्याचं जमत नव्हतं, आणि का जमत नव्हतं हे गुलाबला पहिल्याच दिवशी समजलं. पाण्याने धागा ओढला, की पुनाराम काठी मागे खेचायचा. गळ प्रवाहात आडवा उभा राहायचा, गांडूळ पाण्यात झेंड्यासारखं फडफडायचं.

"सोड बे."

"सोडलं तं वाहून जाऊन राहिलं ना."

"जाऊ दे."

"कुठवर?"

"धागा पुरते तथवर. मंग उचलून पुन्हा वरतून टाक."

पुनाराम सोडायचा आणि अर्ध्यावर हात आपोआप आवळला जायचा. यात हट्ट नव्हता. कापगत्यांच्या घरात मूल चालायला लागलं, की त्याला पाण्याची एकच गोष्ट शिकवतात. वाहून गेलं ते गेलं. दिसेल तिथे अडवायचं, माती घालायची, पार, म्हणजे मातीचा बांध, बांधायची, आणि मग थेंब थेंब आपल्या हाताने सोडायचं. एका घराण्याने पिढ्यानपिढ्या हेच केलं आणि सगळं गाव त्यावर जेवलं. अशा माणसाला नदीकाठी बसवून 'जाऊ दे' म्हणणं म्हणजे कीर्तनकाराला गप्प बसायला शिकवण्यासारखं होतं. गुलाबने तरी ते धरून ठेवलं, कारण दुसरा माणूस नव्हता, आणि कापणी जवळ येत होती.

एकदा त्याने पुनारामच्या धाग्यावर बोट ठेवलं तर काहीच हलेना.

"काय बांधलं याले?"

"नट."

"कशाचा?"

"ट्रॅक्टरचा. अश्विनले सांगू नको."

"कायले बांधला?"

"थांबावं मनून."

गुलाबने नट सोडून त्याच्या हातात दिला. "वाहत्या पान्यात जे थांबते ते कोनीतरी बांधलेलं राहते, पुना. हे मासोरीलेबी माहीत हाय."

पुनारामने नट खिशात ठेवला. तो रागावला नाही, आणि हेच मनकर्णाबाईला खटकलं. तिचा नवरा रागावला नाही म्हणजे तो काहीतरी योजत असतो, हा तिचा अनुभव होता.

पुढच्या मंगळवारी सकाळी पुनाराम घरात नव्हता. फावडं आणि घमेलंही नव्हतं. गुलाब आणि मनकर्णाबाई दोघेच नदीवर निघाले. झाडीतून उतरताना गुलाब थांबला. पाण्याचा आवाज नेहमी डाव्या हाताला असायचा. आज तो समोरून येत होता. त्याला वाटलं, आता कानांचंही सुरू झालं. ही शंका मनकर्णाबाईला विचारण्यासारखी नव्हती. तो पुढे गेला. सपाट दगडाच्या आधी एक कोरडा गोटा असतो, त्यावर डावा पाय टाकायचा. त्याने टाकला. गोटा त्याच जागी होता, पण त्यावरून आता पाणी जात होतं.

झालं होतं असं. पुनारामने पहाटेपासून खपून डोहाच्या तोंडाशी बांध घातला होता. दगड, माती, वर शेवाळ, जातिवंत काम. नदी एका बाजूला थोपली होती आणि त्या उभ्या पाण्यात त्याची गरी, नटासकट, जागच्या जागी थांबली होती. थोपलेल्या पाण्याला कुठेतरी जायचं होतंच, ते काठाकडून निघालं. बांधाच्या अभिमानात पुनारामने तिकडे पाहिलं नाही.

गुलाब पडला तो थेट डोहाच्या कडेला. पाणी छातीपर्यंत होतं, बुडण्याइतकं नव्हतं. पण उठल्यावर त्याला कोणती बाजू कोणती हे समजेना. पुनाराम अगदी जवळ, बांधावर उभा राहून हात पुढे करून ओरडत होता, "इकडं ये, इकडं, हात दे." गुलाबने आवाजाकडे तोंड केलं, पुनारामच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि खोल पाण्याच्या दिशेने एक पाऊल टाकलं. मग आणखी एक.

पुनारामने पाण्यात उतरून त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि त्याला बाहेर ओढलं. नडगी फुटली होती. काठी हातातच होती.

मनकर्णाबाईने पदर फाडून पाय बांधला.

"तुले मी दिसलो नाई," पुनाराम म्हणाला.

"दिसला असता. तू मधात नव्हता."

पुनाराम त्याच्यासमोर बसला. मग जरा डावीकडे सरकला, आणखी सरकला. गुलाबची नजर जिथे होती तिथेच होती.

"मनून तरंगी नाई."

"हो."

"आन मी समजलो, आमच्यासाठी नाई."

"तुमच्यासाठीबी नाई. तेवढं खरं सांगितलं होतं."

पुनारामने पायजमा पिळला. त्याला काहीतरी द्यायचं होतं आणि जवळ जे होतं तेच तो देऊ शकत होता. "तलावावर चाल ना मंग. तथी पानी उभं राहते. तरंगी हालत नाई. तुले दिसन. मासोरीच्या सोसायटीवाल्यायले मी सांगतो, एका गरीले कोनी ना नाई मननार."

हे खरं होतं. तलावावर गुलाबला अजून वर्ष-दोन वर्षं सहज दिसलं असतं. त्याने पाय सरळ केला.

"तुमच्या तलावाले तीन घाट हाय, पुना. मी कोनत्यावर बसू?"

"आता कोनी काई मनत नाई, गुलाब."

"मनत नाई, हे खरं हाय," गुलाब म्हणाला, आणि उठला.

संध्याकाळी मनकर्णाबाईने रचनाला फोन लावला. पुनाराम दारात आडवा उभा राहिला. "कायले सांगते? नेतीन त्याले."

"नेतीन तं नेतीन. लपवून ठेवलेला मानूस आपल्याले सांभाळता येत नाई."

तिने पडणं, पाय, बांध, सगळं सांगितलं. बांध कोणी घातला तेही. रचनाने फक्त ऐकून घेतलं. रविवारी येते म्हणाली. कापणीपर्यंत थांबायचं आता कारण राहिलं नव्हतं.

मधले दिवस गुलाब घरी बसला. पुनाराम फिरकला नाही. अश्विनच्या शेतावरही तो दिसला नाही, त्यामुळे अश्विन पहिल्यांदाच उन्हं वर आल्यावर आरामात शेतावर गेला. गुलाबने कपाटावरचा तरंग्यांचा डबा स्टूल न घेता, काठीने ढकलून, खाली पाडला आणि बॅगेत ठेवला. नागपूरला त्याचं काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. पण घर सोडताना माणूस जे उचलतो त्याला फारसा विचार नसतो.

रचना आली. वडिलांची नडगी तिने उघडून पाहिली, पट्टी बदलली, थेंबांची बाटली उजेडात धरून किती उरले ते पाहिलं. बॅग तिला दिसली. तिने ती उघडून पाहिली आणि पुन्हा बंद केली. चहा झाल्यावर म्हणाली, "नदीवर चला. मला जागा पाहायची आहे."

झाडीतून उतरताना पाण्याचा आवाज पुन्हा डाव्या हाताला होता. बांध नव्हता. त्याचे दगड मात्र कुठे गेले नव्हते. काठाच्या उतारात, झाडीपासून सपाट दगडापर्यंत, पायऱ्या बसवल्या होत्या. प्रत्येक दगड छिन्नीने खरखरीत केलेला, शेवाळावरून पाय सरकू नये म्हणून. प्रत्येक पायरी सारख्या उंचीची, म्हणजे एक समजली की सगळ्या समजाव्यात. उजव्या बाजूला कमरेएवढा बांबूचा कठडा. सपाट दगडाच्या पुढच्या कडेला वीतभर उंचीची दगडी ओळ, बसलेल्या माणसाच्या पायाला लागेल अशी. कापगत्यांच्या घराण्यात पाणी अडवायला बांध घातले गेले होते. माणूस अडवायला घातलेला हा पहिलाच.

पुनाराम शेवटच्या पायरीशी मातीच्या हाताने उभा होता. मनकर्णाबाई गांडुळांच्या डब्याशी.

रचनाने कठडा दोन्ही हातांनी धरून हलवला, दवाखान्यात पलंगाचा कठडा हलवून पाहतात तसा. तो हलला नाही. गुलाबने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मग दुसऱ्या. तिसरीला त्याने खाली पाहणं सोडून दिलं.

"गावाले तीन घाट होते," मनकर्णाबाई रचनाला म्हणाली. "हा चौथा." आणि नवऱ्याकडे न पाहता तिने गांडूळ गळाला लावलं.

रचना दगडावर बसली. तिने वडिलांची काठी उचलली. धाग्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि मध्ये थांबली.

"बाबा, तरंगी कुठे आहे?"

गुलाबने तोंड उघडलं. त्याच्या आधी पुनाराम बोलला.

"तरंगी असली की मानूस तिच्याकडंच पाहत बसते, पोरी. बोटाले काई कळत नाई."

रचनाने पुनारामकडे पाहिलं, चांगलं निरखून. बॅगेतला डबा तिने पाहिला होता; त्यातलं लाल तिने स्वतः लावलेलं होतं. पुनारामने नजर खाली घेतली नाही.

"खरं आहे," ती म्हणाली. मग नर्सच्या आवाजात विचारलं, "काका, तुम्ही रोज येणार?"

पुनारामला हो म्हणता आलं असतं. तो म्हणाला, "पावसात नाई. रोवनी राहते, आन नदी चढली की मीच उतरत नाई. बाकी रोज. मी नसलो तं ही. दोघंबी नसलो तं तुह्या बापाले दारातच सांगून देईन, का आज नाई."

"आणि त्यांनी ऐकलं नाही तर?"

"कठड्याले फाटक लावीन."

रचना पाण्याकडे पाहत राहिली. "बाबा, मृग लागला की मी घ्यायला येणार. पावसाळा नागपूरला. नदी उतरली की परत आणून सोडीन. उतरली की नाही ते तुम्ही नाही, काका सांगतील. आणि दर वेळी मी डोळे तपासून घेणार. डॉक्टर ज्या दिवशी नाही म्हणतील, त्या दिवशी नाही."

गुलाबने ऐकलं. आठ महिने इकडे, चार तिकडे. आणि पुढे कधीतरी हे आठ कमी होत जाणार, हेही त्याने ऐकलं, ते कोणी बोललं नव्हतं तरी. रेल्वेत दुसऱ्याने दिलेल्या सिग्नलवर त्याने कधी वाद घातला नव्हता.

"बॅग रिकामी करून ठेवजो घरी गेल्यावर," तो म्हणाला. "डबा वर ठेवू नको. खालच्या कप्प्यात ठेव."

मग त्याने रचनाच्या हातातली काठी नीट केली आणि धागा तिच्या पहिल्या बोटावरून घेतला. लहानपणी तिने तरंग्या रंगवल्या होत्या, गरी कधी टाकली नव्हती. गळ पाण्यात पडला. तिचा हात आवळला.

"सोड, पोरी," पुनाराम मागून म्हणाला. "धरू नको. मले हे समजायले अख्खी नदी बांधा लागली."

रचनाने सोडलं. धागा निघाला. बराच वेळ काही नाही, मग टक. टक. गोट्यांचा तळ तिच्या बोटाखालून जाऊ लागला. पाणी नेईल तसा, घाई नाही, थांबणं नाही. ती मान खाली घालून ऐकत होती.

"बाबा, थांबलं."

गुलाबने तिच्या बोटाशेजारी आपलं बोट धाग्यावर ठेवलं. डोळे मिटले, तेवढ्यापुरता फरक पडत नव्हता.

"दगड हाय," तो म्हणाला. "उचल. पुन्हा वरतून सोड."